गावस सरांचे चौदा शब्द

"सरळ धर. सरळ धर रे कंदिला, हात हलवू नको. माझ्या सोप्यावर मेण सांडलं तर जिभेनं पुसून घेईन तुझ्याकडून."

गावस सर ओरडत होते आणि मारुती पाटील नावाचा सहा फुटी गडी हातात पेटती मेणबत्ती धरून उभा होता. मारुती कोल्हापूरकडचा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विमानतळाचं बांधकाम चालू होतं, तिथे तो क्रेन चालवायचा. दिवसभर दहा-दहा टनांचे लोखंडी खांब डाव्या हातानं उचलून उजवीकडे ठेवणारा माणूस संध्याकाळी गोव्यातल्या धारगळला एका घराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बोटभर मेणबत्ती सांभाळत होता. त्यानं गुन्हा काय केला होता? एक प्रश्न विचारला होता.

"सर, ह्या चौदा शब्दांतला कंचा कवा वापरायचा?"

बस्स. एवढंच. त्यावर सरांचा चेहरा आधी शेंदरी, मग जांभळा आणि शेवटी चक्क पांढरा झाला. नाकातून फुस्स असा आवाज निघायला लागला. त्या आवाजामुळेच आम्ही त्यांना पाठीमागे पेट्रोमॅक्स म्हणायचो. पंप मारल्यावर बत्ती जशी आधी फुसफुसते आणि मग डोळे दिपवते, अगदी तसेच.

"आधी भरायचं, मग वापरायचं," सर म्हणाले. "रिकाम्या कळशीनं कोण पाणी वाढतो रे, कंदिला?"

मेण मारुतीच्या बोटांवर ओघळत होतं. क्रेनच्या दांड्यांनी त्याची बोटं इतकी निबर झाली होती, की वाळलेलं मेण तो पापडाचा पापुद्रा काढावा तसं काढून खिशात टाकायचा. सरांना त्याचा खरा राग यायचा तो ह्याच गोष्टीचा. चटका बसला तर माणसानं निदान तसं दाखवावं, अशी त्यांची साधी अपेक्षा.

आता हे गावस सर कोण, ते सांगतो. तीस वर्षं त्यांनी मयेच्या तळ्याकाठच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आवाज असा, की सर वर्गात 'स्टँड अप' म्हणाले की तळ्यातल्या पायडलच्या बोटींत बसलेले पर्यटक उठून उभे राहायचे. दोघे-तिघे पाण्यातसुद्धा पडले म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण सरांना ऐकलेलं आहे, त्यामुळे खोटं वाटत नाही. निवृत्त होऊन ते धारगळला आपल्या घरी आले. सड्यावर विमानतळ होणार, तिथे इंग्रजी बोलणारी पोरंपोरी लागणार, अशी बातमी फिरली तेव्हा त्यांनी सोप्यावर संध्याकाळचा वर्ग उघडला. फी घेत नसत. एक पैसा नाही. ही त्यांची सगळ्यात मोठी हुशारी. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची तक्रार कुठे करायची?

शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची. व्याकरण नाही, संभाषण नाही. एक शब्द घ्यायचा आणि त्याचा पार चोथा करायचा. त्यांचा लाडका शब्द होता 'इल्युमिनेट'. वर्ग त्या शब्दावर सुरू झाला आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढे कधी सरकलाच नाही. अर्थ तीन. एक, एखादी जागा दिव्यानं उजळणं. दोन, न समजलेली गोष्ट समजावून देणं. तीन, जुन्या हस्तलिखित पोथीतल्या अक्षरांना सोन्याची नि रंगांची वेलबुट्टी काढणं. तिसरा अर्थ सांगताना सर डोळे मिटायचे. त्या अर्थाचा धारगळात कोणालाच उपयोग नव्हता, म्हणून तो त्यांना फार आवडायचा.

आणि मग समानार्थी शब्द चौदा. लाइट अप, लाइटन, ब्राइटन, इल्युमाइन, इरेडिएट, लाइट, फ्लडलाइट, स्पॉटलाइट, एनलाइटन, क्लॅरिफाय, क्लिअर अप, एल्युसिडेट, एक्सप्लेन, एडिफाय. ह्याच क्रमानं. मधला एक चुकला की सर कपाटातली मेणबत्ती काढायचे, पेटवायचे आणि तुमच्या हातात द्यायचे. शब्द आठवेपर्यंत धरायची. शेजाऱ्यानं पुटपुटून सांगितला तर त्यालाही एक. काही संध्याकाळी रस्त्यावरून जाणारी माणसं घरात पूजा आहे समजून चपला काढून आत यायची.

आणि एक नियम. सरांनी काहीही विचारलं, अगदी 'घरी लाइट आहे काय' असं विचारलं, तरी प्रश्नात उजेड-अंधाराचा, दिसण्या-समजण्याचा नुसता वास आला की उत्तराआधी अर्थ, अर्थानंतर चौदा शब्द आणि मग उत्तर. "हातपाय न धुता पानावर बसतात काय कोण?" असं ते विचारायचे. प्रत्येकाला त्यांनी दिव्यातलं एकेक नाव दिलं होतं. मारुती कंदील. मी फ्यूज. एका गुळगुळीत डोक्याच्या पोराला झिरो बल्ब. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी गावात चौकशी केली, तर कोणालाही त्याचं खरं नाव सांगता आलं नाही.

सरांचा छंद वर्गापुरता असता तर एक वेळ ठीक. पण रोज सकाळी सायकलवर पोदेर, म्हणजे पाववाला, गोल उंडे पाव घेऊन यायचा, भोंगा वाजवत. सरांनी एक दिवस त्याची सायकल हँडलाला धरून थांबवली. तीन शब्द सांग, मग दोन उंडे घेतो.

"सर, म्हाका उंडे विकूंक जाय," पोदेर म्हणाला.

"विक. तीन शब्द सांग आणि विक."

चार दिवस तो पोदेर सोप्यासमोर उभा राहून थंड होत जाणाऱ्या पावांकडे बघत लाइट अप, लाइटन करत राहिला. पुढच्या घरांतली माणसं पावाची वाट बघून चहाबरोबर बिस्किटं खायला लागली. पाचव्या दिवशी पोदेरानं सायकल तिठ्यावरूनच वळवली ती कायमची. त्या दिवसापासून काकी, म्हणजे सरांची बायको, गुडघे धरत हमरस्त्यापर्यंत चालत जाऊन उंडे आणायच्या. सर चहात उंडा बुडवायचे आणि म्हणायचे, "आज थंड दिसता."

काकी दुसरा उंडा पुढे सरकवायच्या. वर्ग सुटला की वाकून सोप्यावरचं मेण सुरीनं खरवडायच्या, वितळवायच्या आणि जुन्या साडीच्या सुताची वात घालून नवी मेणबत्ती ओतायच्या. मी एकदा विचारलं, "काकी, कित्याक त्रास घेतास?"

"वाया कित्याक घालवचा?" काकी म्हणाल्या. "उद्या परत कोण तरी चुकतलोच."

म्हणजे एका पोराच्या हातावरून उतरलेलं मेण दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हातावर चढायचं.

पण सर सगळ्यांशीच असे वागायचे असं समजू नका. एकदा गावात कसला तरी कार्यक्रम होता. सूत्रसंचालन अर्थातच सरांकडे. सरपंचांनी दीपप्रज्वलनासाठी पेटती मेणबत्ती हातात घेतली आणि सरांना माइक सापडला. "दीप म्हणजे काय," असं म्हणून ते इंग्रजीत शिरले. समई तेल पिऊन वाट बघतेय, डोक्यावरचा पंखा बंद करायचं कोणाला सुचलेलं नाही, आणि सरपंच मेणबत्ती धरून उभे. तिसऱ्या शब्दाला मेणाचा थेंब सरपंचांच्या अंगठीच्या बोटावर पडला.

"गावस," सरपंच म्हणाले. एवढंच.

मी देवाशप्पथ सांगतो, सर माइकपासून समईपर्यंत उडत आले. पाय जमिनीला लागले नाहीत. रुमाल सापडला नाही म्हणून त्यांनी आपला उघडा तळवाच मेणबत्तीखाली धरला. पंख्यानं वाती विझत राहिल्या, सरपंच परत परत पेटवत राहिले आणि पुढची पाच मिनिटं सगळं मेण सरांच्या तळव्यावर पडत होतं. सर हसत होते. मी मागच्या खुर्चीवरून तो तळवा बघत होतो. म्हणजे हाताला चटका बसतो हे त्यांना ठाऊक होतं तर.

त्या हसण्याचं फळ त्यांना मिळालं. पुढच्या महिन्यात विमानतळावर प्रवाशांना मदत करायच्या कामासाठी एक कंपनी माणसं घ्यायला आली. तिच्या साहेबानं सरपंचांना सांगितलं, इंग्रजी येणारी दहा नावं द्या. सरपंचांनी ते काम सरांवर सोपवलं. वयाची अट पंचवीसच्या आत.

आता सुनंदाचं सांगायला हवं, कारण ह्या सगळ्यात गमावण्यासारखं काही असेल तर ते तिच्याकडे होतं. सुनंदा इब्रामपूरची. त्यांची काजूची बाग सड्यावर होती. ती बाग गेली आणि तिच्या जागी आता गुळगुळीत डांबर आहे. घरी आई आणि ती. बागेच्या बदल्यात नोकरीचं तोंडी आश्वासन मिळालं होतं, पण त्यासाठी मुलाखत द्यावी लागणार होती. आणि मुलाखतीच्या दिवशी तिला पंचवीस पुरी व्हायला अठरा दिवस उरलेले. म्हणजे एकच संधी. ही गेली की दार बंद.

पहिल्या दिवशी ती वर्गात आली आणि सहाव्या शब्दाला अडकली. लाइट. सगळ्यात सोपा शब्द, पण इरेडिएटच्या पाठीवर तो येतो म्हणून माणूस घसरतो. सरांनी मेणबत्ती दिली. तिनं धरली. अंगठा आणि बोट ह्यांच्यामधल्या मऊ कातडीवर मेण साचत गेलं. मारुती हळूच म्हणाला, "सर, पोरीची जात हाय." सरांनी त्यालाही एक पेटवून दिली. सुनंदा रडली नाही. शब्द आठवला, तो म्हणाली, फुंकर घातली आणि खाली बसली. त्या जागी तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला चौदाच्या चौदा येत होते. आठवड्यात उलटे येत होते. इब्रामपूरहून बसनं येताना ती खिडकीशी पुटपुटत असायची आणि कंडक्टर तिला नवस फेडणारी समजून तिकीट जरा आदरानंच द्यायचा. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थ्याला चांगलं नाव दिलं. हॅलोजन. यादीत पहिलं नाव तिचं. दहावं माझं, कारण नववं लिहून झाल्यावर सोप्यावर मीच उरलो होतो. मारुतीचं नाव नव्हतं. "कंदिलाचं विमानतळावर काय काम?" सर म्हणाले. सड्यावरच्या विमानतळाचे अर्धे खांब त्यानंच उभे केले होते, ही गोष्ट वेगळी.

मुलाखतीला आम्हाला पाच-पाच जणांना एकत्र आत घेतलं. टेबलामागे दोन साहेब आणि एक मॅडम. मॅडम चांगली होती, हसून बोलत होती. म्हणूनच पुढचं जास्त वाईट वाटतं. तिनं सुनंदाला साध्या इंग्रजीत विचारलं, समज, दिव्यांची पाटी बंद पडली आहे, अंधार आहे, एका म्हाताऱ्या प्रवाशाला आपलं गेट कुठे ते समजत नाही. तू काय करशील?

अंधार. समजत नाही. एकाच प्रश्नात दोन्ही.

सुनंदा उठून उभी राहिली. तिनं उजवा हात पुढे केला, मूठ वळली, अंगठा वर. तिच्या हातात काही नव्हतं. पण मी शेजारीच बसलो होतो, मला ती मेणबत्ती स्पष्ट दिसत होती.

"इल्युमिनेट," ती म्हणाली. आणि तिन्ही अर्थ सांगितले. पोथीची वेलबुट्टीसुद्धा. मॅडमला वाटलं, पोरगी घाबरली आहे, थोडं थांबू. मग लाइट अप, लाइटन, ब्राइटन सुरू झालं. फ्लडलाइटला एका साहेबानं पेन खाली ठेवलं. एनलाइटनला दुसरा तोंडावर हात धरून खिडकीकडे वळला. मॅडम म्हणाली, "थँक यू, दॅट्स इनफ." सुनंदानं ऐकलं, पण ती थांबली नाही. थांबायचं कसं? सरांच्या सोप्यावर मध्येच थांबणं म्हणजे काय ते तिच्या हाताला माहीत होतं. तेरावा शब्द एक्सप्लेन. प्रवाशाला समजावून सांगणं. उत्तर तेच होतं. तो तिनं म्हटला आणि पुढे चौदाव्यावर गेली.

मग शब्द संपले. आता खरं उत्तर द्यायचं होतं. तिनं तोंड उघडलंही होतं. पण साहेब आता मोकळेपणी हसत होते, आणि मॅडम माझ्याकडे वळली होती.

"यू?"

"टेक हिज बॅग," मी म्हणालो, "अँड गो विथ हिम."

सात शब्द. चौदाच्या अर्धे. मला नोकरी लागली. आता तुम्हाला वाटेल, हा फुशारक्या मारणारा माणूस इथेही काहीतरी वाढवून सांगत असेल. नाही. एवढंच झालं. सुनंदाआधी मला विचारलं असतं तर मीही हात पुढे करून उभा राहिलो असतो. तिची फजिती डोळ्यांसमोर झाली म्हणून मी वाचलो, आणि हे मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही सोप्यावर गेलो. सुनंदानं झालं ते सगळं सांगितलं. सर आरामखुर्चीत ऐकत होते.

"चौदाही म्हटलेस?"

"होय सर."

"क्रमानं?"

"होय सर."

"मध्ये थांबवायला बघितलं तरी?"

"होय सर."

सरांचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, खरोखर भरून आले. "ह्याला म्हणतात शिक्षण," ते म्हणाले. "दोष तुझा न्हय गो. त्यांका इंग्रजी येना."

सुनंदा म्हणाली, "सर, अजून अठरा दिवस आसत. तुम्ही सरपंचांकडे एकदा शब्द टाकलात तर ते परत बोलावतील. माका उत्तर येत होता, सर. फक्त परत विचारूक होया."

सरांनी बराच वेळ विचार केला. निदान तसं दाखवलं.

"परत विचारा म्हणून मी सांगितलं," ते म्हणाले, "तर पहिल्या वेळी माझ्या शिकवण्यात खोट होती असा अर्थ होतो."

"सर, माझी बाग..."

"कळता माका," सर म्हणाले. "पण अर्थ तसा होतो."

आत काकी मेण खरवडायची सुरी धुवत होत्या. ती त्यांनी जोरात आपटली. त्या घरात काकींनी केलेला तेवढाच आवाज मला आठवतो.

अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी सर तिठ्यावर चार माणसांना ही गोष्ट रंगवून सांगत होते. आपल्या विद्यार्थिनीनं मोठमोठ्या साहेबांची बोलती कशी बंद केली, साहेब पेन खाली ठेवून कसे ऐकत राहिले. पुढे दोन वर्षं ते ही गोष्ट सांगत होते. प्रत्येक वेळी साहेबांची संख्या वाढत गेली. शेवटी शेवटी तर सुनंदानं विमान थांबवल्यासारखं वाटायचं. मी स्वतः थापा मारणारा माणूस, पण ती गोष्ट ऐकताना मला तिथे उभं राहवत नसे.

मारुती पाटील सड्यावरच राहिला. पुढे त्यालाच विमानतळावर यंत्रांच्या देखभालीत कायम केलं. त्याचं इंग्रजी म्हणजे 'लिफ्ट', 'स्टॉप' आणि 'केअरफुल'. तिन्ही शब्द कधी वापरायचे ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

सुनंदानं धारगळला हमरस्त्याच्या कडेला रस ऑम्लेटचा गाडा टाकला. कोंबडीचा दाट झणझणीत रस टोपात ठेवलेला, ऑम्लेट काढायचं आणि त्यावर रस ओतायचा, बरोबर उंडा. उंडे तिला तोच पोदेर आणून देतो, आणि तोही हल्ली वेळेवर. ड्यूटी सुटली की मी युनिफॉर्मवरच तिथे जातो. ती माझ्याकडे बघते, पण युनिफॉर्मकडे बघत नाही.

परवाची गोष्ट. पावणेसात वाजले असतील, नुकतंच अंधारून आलं होतं. मी गाड्यापाशी उंडा मोडत उभा होतो आणि रस्त्यानं गावस सर आले, काठी टेकत. काकी मागच्या वर्षी गेल्या. तेव्हापासून घरी रात्रीचं शिजत नाही. वर्गही बंद पडलाय. मेण कोण खरवडणार? सरांनी एक ऑम्लेट सांगितलं आणि तेवढ्यात लाइट गेली. समोर सड्यावर विमानतळ लखलखत होता, आणि इकडे रस्त्याच्या कडेला काळोख. गाड्यावरच्या बॅटरीच्या दिव्यानं दोन मिचकावण्या केल्या आणि तोही मेला.

सुनंदानं खालच्या फळीवरून मेणबत्ती काढली, पेटवली आणि सरांच्या हातात दिली. गाड्यावर ती ठेवायला जागा होती. उंड्यांच्या पिशवीशेजारी चांगली वीतभर जागा होती.

सरांनी धरली. सवयीनं सरळ धरली. सुनंदानं कांदा चिरायला घेतला. मिरची घेतली. अंडं फोडलं, फेटलं. बारीक, सावकाश, जणू मुलाखतीला मांडायचं आहे. मेण सरांच्या बोटांवर आलं. त्यांनी हात बदलला. मग त्या हातावर आलं. म्हातारपणी कातडी पातळ होते. त्यांनी परत हात बदलला. मी ती मेणबत्ती घ्यायला पुढे होऊ शकलो असतो. मी उंड्याचा दुसरा तुकडा मोडला.

टोपावरचं झाकण केव्हापासून थडथडत होतं. कडेनं रस उतू जाऊन स्टोव्हवर चरचरत होता.

"सुनंदा," सर हळूच म्हणाले, "किती वेळ धरू गो?"

तिनं मान वर केली नाही.

"रस अजून तापूक नाय, सर."